प्रकृतीला बरं पडावं म्हणून

महाराष्ट्र सरकारला दारूचे दुष्परिणाम माहीत नाहीत, असं म्हणायची सोय नाही. 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. म्हणून इथे प्यायला परवाना लागतो, आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी! एका दिवसाचं आरोग्य 5 रुपयांत, वर्षाचं 100 रुपयांत, जन्मभराचं 1000 रुपयांत. इतका स्वस्त आरोग्य विमा दुसरा नसेल.

आमच्या मामांकडे जन्मभराचा आहे. बारमध्ये कुणी मागत नाही, पण मामा आपणहून दाखवतात. मामी म्हणाली, "अहो, आज परत?" तर म्हणाले, "प्रकृतीची हेळसांड बरी नव्हे."

रिचर्ड मसग्रेव्ह या अर्थतज्ज्ञानं 1950 च्या दशकात एक कल्पना मांडली. काही वस्तू माणसाच्या भल्याच्या असतात, पण माणूस स्वतःहून त्या पुरेशा घेत नाही. लस, शाळा, हेल्मेट अशा. काही मात्र, दारूसारख्या, नको तितक्या घेतो. दोन्हीकडे बाजार गंडतो. क्वार्टरच्या किमतीत दारू, बाटली, दुकानदाराचा नफा, सगळं असतं. मामीचं जागरण नसतं. मामांनी मध्यरात्री आळवलेला मालकंस आणि त्यामुळे उठून बसलेली अख्खी चाळ नसते. हा राहिलेला हिशेब करानं भरून काढावा, असं पुस्तकं सांगतात. सरकारनं तो इतक्या निष्ठेनं वसूल केला, की आता तिजोरीलाच संध्याकाळ झाली की हुरहुर लागते. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीतही दुकानांची शटरं वर गेली आणि रांगा लागल्या. नागरिक राज्याच्या महसुलासाठी उन्हात तिष्ठत होते. (मामा पहाटेच गेले होते. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.)

आता हेच मामा हेल्मेट घालत नाहीत. "केस गळतात रे." मामांच्या डोक्यावर गळण्याजोगं काही उरलेलं नाही, पण ते पडले पुणेकर, तत्त्वाचा प्रश्न आहे. दंड झाला, पोलिसांनी पत्रकं वाटली, मामीनं शपथ घातली. व्यर्थ.

यावर मामांनीच तोडगा काढलाय.

"हेल्मेटवर बंदी घाला."

"बंदी?"

"गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. अडलं का कुणाचं? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत, मिसळ तुझं तू. हेल्मेटचंही तसंच होईल. टपरीवाला इकडंतिकडं बघून हळूच कवच देईल, पट्टा वेगळ्या पुडीत. ज्यांना उघड घालायचंय, त्यांना परवाना. एका दिवसाचे 5 रुपये."

"आणि तुम्ही घालाल?"

"घालाल म्हणजे? मी जन्मभराचा काढणार!"

आतून मामीचा आवाज आला, "त्यापेक्षा माझ्या बोलण्यावर बंदी आणा म्हणावं. निदान चोरून तरी ऐकतील."