एमॅक्स पाहावे लावून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे सांगत. त्यांच्या काळी एमॅक्स नव्हते, नाहीतर म्हणीला तिसरे कलम जोडावे लागले असते. प्रस्तुत मार्गदर्शन कॉमन लिस्प या भाषेत प्रोग्राम लिहू पाहणाऱ्या आणि त्याआधी ‘जरा एडिटर लावून घेऊ’ म्हणणाऱ्या होतकरूंसाठी आहे. आमचे उद्दिष्ट माफक होते: महिन्याच्या दुधाचा हिशेब करणारा प्रोग्राम. त्यासाठी एका रविवारची दुपार राखून ठेवली होती.

भाषा निवडताना मन घट्ट करावे. लिस्पचा जन्म १९५८चा, जनक जॉन मॅकार्थी. तिची कॉमन लिस्प ही शाखा १९९४ साली प्रमाणित झाली आणि त्यानंतर त्या प्रमाणाला कोणी हात लावलेला नाही. हे ऑफिसात सांगू नये. पायथॉनवाले सहकारी आधी हसतात आणि मग घरी सगळे बरे आहे ना, असे विचारतात. अशा भाषेला एडिटरही तोलामोलाचा हवा. एमॅक्स १९७६ साली एमआयटीत जन्मले आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याचा ग्नू अवतार १९८५ साली बाहेर आणला. वयाने जोडा शोभतो.

कंपायलर एसबीसीएल घ्यावा; फुकट मिळतो. नावाचा विस्तार स्टील बँक कॉमन लिस्प. हा कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिस्पमधून फुटून निघाला. कार्नेगींचा पैसा पोलादातला, मेलन यांचा बँकेतला, म्हणून स्टील आणि बँक. इतक्या लांबून विनोद करणाऱ्यांच्या हाती आपण पुढचे काही महिने असणार, ही आगाऊ सूचना समजावी.

मग एमॅक्स उघडावे आणि सर्वप्रथम ते बंद करायला शिकावे: कंट्रोल-एक्स, कंट्रोल-सी. सूचनांमध्ये ‘मेटा’ नावाची कळ वारंवार भेटते. ती आपल्या कीबोर्डावर शोधू नये, आम्ही शोधली. ती एमआयटीतल्या जुन्या कीबोर्डांवर होती, हल्ली तिचे काम ऑल्ट बघते. आठवडाभरात डावी करंगळी दुखू लागते. त्यावर उपाय म्हणून कॅप्स लॉकलाच कंट्रोल करून टाकावे. करंगळीला उतार पडतो, पण त्या संगणकावरून घरात दुसऱ्या कोणाला लाइटबिल भरता येत नाही.

आता खरी मेख. एमॅक्सला आपल्या मनासारखे वागवायचे तर इनिट नावाच्या फायलीत फर्माने लिहावी लागतात आणि ती एमॅक्स लिस्पमध्येच. म्हणजे लिस्प लिहायची म्हणून एमॅक्स लावायचे आणि एमॅक्स लावायचे म्हणून लिस्प लिहायची. बरे, ही लिस्प ती नव्हे. दोघी चुलतबहिणी; चेहरेपट्टी एक, स्वभाव वेगळे. एमॅक्स लिस्पला साताला दोनाने भागायला सांगितले तर ती ३ म्हणते आणि वरचा अर्धा गिळून मोकळी होते. कॉमन लिस्प अर्धाच काय, पावसुद्धा सोडत नाही. पण तिच्यापर्यंत पोचायला अजून अवकाश आहे.

तिची गाठ स्लाइम नावाचे पॅकेज घालून देते. एसबीसीएल कुठे ठेवला आहे, एवढे एका ओळीत सांगायचे. त्या ओळीला आम्हाला पाऊण तास लागला, कारण शेवटचा कंस राहिला होता. एकदा जुळले की प्रोग्राम चालू असतानाच त्यातले एखादे फंक्शन बदलता येते; थांबवायचे नाही, पुन्हा सुरू करायचे नाही. इथे मात्र थट्टा नाही. १९९९ साली नासाच्या डीप स्पेस वन यानावर लिस्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम अवकाशात अडून बसला, तेव्हा पृथ्वीवरच्या मंडळींनी कोट्यवधी किलोमीटरवरून चालत्या प्रोग्रामशीच बोलून दोष शोधला. दुधाच्या हिशेबाला याहून कमी सोय चालणार नाही, असे घरच्यांना ठणकावून सांगावे.

कंसांसाठी पॅरेडिट बसवावे. मग कंस जोडीनेच येतात आणि एकट्याला पुसू देत नाहीत. प्रत्येक खोलीच्या कंसाला वेगळा रंग देणारे पॅकेजही मिळते. रंग आले की पडद्याची रंगसंगती आली, आणि ती निवडण्यात आमचे तीन रविवार गेले. याला कामच म्हणावे.

चूक झाली की डीबगर उघडतो आणि क्रमांक घातलेले पर्याय समोर ठेवून पुढे काय करू म्हणून आपल्यालाच विचारतो. क्यू दाबून निघून यावे. फारच खचायला झाले तर मेटा-एक्स दाबून ‘डॉक्टर’ लिहावे. एमॅक्सच्या पोटात एक मानसोपचारतज्ज्ञ बसवलेला आहे. आम्ही त्याच्यापाशी कंसांचे गाऱ्हाणे नेले. त्याने उलट आमच्या आईबद्दल चौकशी केली.

एसबीसीएलला युनिकोड कळते, तेव्हा फंक्शनला ‘दूध-हिशेब’ असे नाव खुशाल द्यावे. देवनागरी टाइप करायची सोय एमॅक्समध्ये आहेच. जोडाक्षरांनी रकाने वाकडे झाले तर फॉन्ट बदलावा. आणखी एक रविवार.

महिनाअखेरीस दूधवाले काका दारात आले, तेव्हा इनिट फाइल सहाशे ओळींची झाली होती आणि प्रोग्राम तीन ओळींचा. एकतीस दिवस, चार खाडे, रोजचे दीड, म्हणजे तीन छेद दोन, लिटर. आम्ही सर्वांना पडद्याजवळ बोलावले आणि एंटर दाबले. उत्तर आले: ८१/२.

“एक्याऐंशी छेद दोन लिटर,” आम्ही जाहीर केले.

काकांनी आईकडे पाहिले. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या फुल्या मोजल्या. “साडेचाळीस. साठाच्या भावाने चोवीसशे तीस,” ती म्हणाली आणि पैसे आणायला आत गेली.

काका अजून पडद्याकडेच बघत होते. “रंग झकास आहेत,” ते म्हणाले. “गेम आहे का?”