मास्तरांचा सिल्या

दर रविवारी दुपारी चार वाजता कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसतो आणि पाचवा खेळतो.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ पहिल्यांदा छापला गेला. प्रती १०००, किंमत १० डॉलर. याला पट लागत नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एक जण गोष्ट सांगतो, तो मास्तर. बाकीचे त्या गोष्टीत एकेक पात्र घेतात. मी म्हणतो, “माझा बुटका दाराला लाथ घालतो.” मास्तर म्हणतात, “टाक फासा.” फासा वीस बाजूंचा. आकडा बरा पडला तर दार मोडतं, नाहीतर पाय. दारामागे काय आहे ते फक्त मास्तरांना ठाऊक. दार त्यांचं, दारामागचा राक्षस त्यांचा, राक्षसाची आई, खानावळवाला, वरून पडणारा पाऊस, सगळं त्यांचं. एवढं अख्खं जग हातात असल्यावर माणसाला आणखी काय हवं?

आमच्या मास्तरांना सिल्थारिऑन हवा होता.

मास्तर दिवसा हिंजवडीत टेस्टिंग करतात, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेतात. माणूस सालस. पण कॅम्पेनच्या दुसऱ्याच रविवारी जंगलात आम्हाला एक उंच, रुपेरी केसांचा, उदास डोळ्यांचा एल्फ भेटला. मास्तर म्हणाले, “हा तुमच्याबरोबर येईल. मदतीला.” आम्ही चौथ्या लेव्हलला, हा सातव्या. आमच्या तलवारींना गंज, याच्या तलवारीला नाव. आम्ही भुकेने कासावीस, याला चांदण्यावर भागतं. या प्रकाराला खेळाच्या दुनियेत ‘डीएमपीसी’, म्हणजे मास्तरचं स्वतःचं पात्र, असा शब्द आहे, आणि तो उच्चारताना खेळाडूंचा चेहरा जेवताना खडा लागल्यासारखा होतो.

सिल्थारिऑनचं आम्ही लगेच ‘सिल्या’ केलं. मास्तरांना ते लागलं. तीन आठवडे आमच्या जखमा भरून येत नव्हत्या.

सिल्या राजाला भेटला तो रविवार मी विसरणार नाही. राजा म्हणजे मास्तर, सिल्या म्हणजेही मास्तर. मान डावीकडे वळवली की राजा, आवाज खर्जातला; उजवीकडे वळवली की सिल्या, आवाज मध घातल्यासारखा. “महाराज, मी आपलं तख्त मागायला आलो नाही.” मान डावीकडे. “पण ते तुझंच आहे, सिल्थारिऑन!” मान उजवीकडे. नकार. डावीकडे. आग्रह. पाऊण तास हे चाललं होतं. आमच्यातल्या एकीनं तेवढ्यात चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढून संपवले. शेवटी शेवटी घाईत मास्तरांची मान उलटी फिरली आणि राजानंच स्वतःला मुजरा केला. कोणी हसलं नाही. हसण्यासाठी आधी ऐकत असावं लागतं.

तेवढ्यात काकू, म्हणजे मास्तरांच्या आई, पोहे घेऊन आल्या. दारात उभं राहून त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, “अरे, ही चार मुलं कशाला बोलावलीस मग?”

सोसायटीच्या गणपतीत हाऊजी असते. आकडे पुकारणाऱ्यानं स्वतः तिकीट घ्यायचं नाही, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. पुकारणारा प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्नच नाही. फुल हाऊस त्यालाच लागलं तर मंडपात बसायचं कुणी? मास्तरांपुढे तर पुठ्ठ्याचा पडदा असतो. आमच्या बाजूला ड्रॅगनचं चित्र, त्यांच्या बाजूला नियमांचे तक्ते आणि सिल्याचा फासा. आतून खडखड ऐकू येते, मग क्षणभर शांतता, आणि मग आवाज येतो, “अठरा.” आमची चोर व्यवसायानं सीए आहे. तिनं वहीत सिल्याचे सगळे आकडे मांडून ठेवले होते. एकही दहाच्या खाली नव्हता. “ऑडिटला असं आलं असतं,” ती म्हणाली, “तर मी सही केली नसती.”

मग आम्ही सिल्याला मारायचं ठरवलं.

दोरखंडाच्या पुलावर सीएबाईंनी दोर कापला. सिल्या दरीत कोसळला. टेबलावर सन्नाटा. मास्तरांनी पडद्याआड फासा टाकला, पाणी प्यायले, आणि खाली नदी आहे असं सांगितलं. नदी आदल्या रविवारपर्यंत नव्हती. पुढच्या गावात आम्ही पोचलो तर सिल्या आधीच तिथे! नदीत त्याला देवी भेटली होती आणि तिनं त्याची लेव्हल वाढवली होती.

वाद व्हायचाच होता, झाला. लढाई आम्ही इंग्रजीत खेळतो, भांडण मराठीत. मी गायगॅक्सचा दाखला काढला. मॉर्डेनकायनेन हा गायगॅक्सचा आवडता जादूगार. प्रचंड वाडा क्षणात उभा करणारा मंत्र आजही पुस्तकात त्याच्या नावानं आहे (कोथरूडचे भाव पाहता खेळातला सर्वात उपयोगी मंत्र हाच). पण हा जादूगार गायगॅक्स खेळायचा कधी? मास्तरची खुर्ची रॉब कुंट्झकडे असताना. ज्यानं खेळ काढला त्यालाही खेळायचं तर पलीकडे जाऊन बसावं लागलं. मास्तरांनी लगेच एड ग्रीनवूड फेकला: १९८७ साली प्रसिद्ध झालेलं त्याचं ‘फर्गॉटन रेल्म्स’चं जग, आणि त्या जगातला त्याचा एल्मिन्स्टर. “सगळं जाणणारा म्हातारा चालतो, माझा एल्फ तेवढा चालत नाही?” मी म्हटलं, “एल्मिन्स्टरबद्दलही लोक कुरकुरतातच.”

मास्तर एकदम गप्प झाले. मग पडद्याकडे बघत म्हणाले, “सहा वर्षं झाली. मला कुणी खेळवलंच नाही रे.”

आता याला काय बोलणार? आम्ही चौघांनी पोह्यांच्या बशांकडे पाहिलं. सहा वर्षं हा माणूस शनिवारी रात्री जागून नकाशे काढतो, खानावळवाल्यांना नावं देतो, आणि आम्ही रविवारी येऊन त्या खानावळीला आग लावतो. आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं, की या गृहस्थालाही दाराला लाथ घालावीशी वाटत असेल, आणि दारामागे काय आहे ते माहीत नसावंसं वाटत असेल.

पुढच्या रविवारी मी मास्तर झालो. मास्तर माझ्या खुर्चीत बसले, सिल्याचा कागद समोर ठेवून, पहिल्या लेव्हलला, आमच्यासारख्याच गंजक्या तलवारीसह. पहिलाच फासा, उघड्यावर, सगळ्यांदेखत: तीन. सिल्या विहिरीत पडला. दुसरा फासा: एक. वर चढायचा दोर तुटला. सीएबाईंनी वहीत नोंद करून खाली लाल रेघ मारली. मास्तर मात्र इतके हसत होते की काकू बाहेर येऊन बघून गेल्या. तिसऱ्या रविवारी तीन गॉब्लिनांनी मिळून सिल्याला गाठला आणि तो मेला. खरोखर मेला. मास्तरांनी त्याचा कागद चौघडी घालून पाकिटात ठेवला आणि नवा कागद मागितला.

माझं सगळं उत्तम चाललं होतं. फक्त मागच्या रविवारी जंगलात पार्टीला एक म्हातारा लाकूडतोड्या भेटला. साधाच माणूस. थोडीफार जादू येते, ड्रॅगनांशी जुनी ओळख आहे, आणि तो सगळ्यांबरोबर चालायला तयार होता. मदतीला. मी पडद्याआड फासा टाकला आणि म्हणालो, “एकोणीस.” सीएबाईंनी वहीचं नवं पान उघडलं.

तरी कळवण्यात येतं की, कोथरूडमधल्या एका सुस्थापित टेबलासाठी अनुरूप मास्तर पाहिजेत. अनुभवाची अट नाही. स्वतःचं पात्र नसावं. पोहे मिळतील.