मा. सरपंच समितीस अनावृत पत्र

प्रति,
मा. सरपंच समिती,
सर्व पंचायत समित्या, जिल्हा बीड

विषय : समिती अस्तित्वात असल्यास तशी पोच मिळणेबाबत.

महोदय,

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 च्या कलम 77-अ अन्वये समितीचा जन्म झालेला आहे, ही बाब प्रथमतः समितीच्याच निदर्शनास आणण्यात येत आहे. तालुक्यातील 15 सरपंच किंवा एकूण सरपंचांचा एकपंचमांश, यांपैकी जी संख्या अधिक तितक्यांनी एकत्र बसून ग्रामपंचायतींच्या कामांबाबत सल्ला द्यावा आणि अध्यक्षस्थानी पंचायत समितीचा उपसभापती असावा, अशी ही रचना. परंतु बीड जिल्ह्यातील पंचायत समित्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, पुढची निवडणूक आरक्षणाच्या वादात अडकली आणि गटविकास अधिकारीच प्रशासक झाले. तेव्हापासून प्रस्ताव मांडणारा व मंजूर करणारा एकच असल्याने कमालीचे एकमत नांदू लागले. उपसभापती मात्र उरला नाही.

समितीवाचून कोणाचे अडले, असे वरून विचारले जाईल. प्रादेशिक पाणीपुरवठा योजना, म्हणजे एकाच उद्भवावरून अनेक गावांना पाणी देणारी योजना, घ्यावी : मधल्या गावाने व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवला यावर टोकाच्या गावाचे हंडे अवलंबून असतात, आणि एकाची पाणीपट्टी थकून पंपाचे वीजबिल तुंबले, जोडणी तुटली, की वेळेवर भरणारेही कोरडेच राहतात. हा हिशेब सरपंचांनी समोरासमोर बसून मिटवण्याचा. तो मिटत नाही म्हणून जो तो आपला वेगळा अर्ज घेऊन बीड गाठतो, आणि केंद्रीकरणासाठी कोणाला आदेश काढण्याचे कष्टही पडत नाहीत. ग्रामसभेत बोलावे, तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ऊसतोड मजुरांचे कोयते परजिल्ह्यातल्या कोप्यांत असतात.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 80 टक्के वाटा राज्याने ग्रामपंचायतींना दिला, हे खरेच. त्यातला बराचसा ‘बंधित’, म्हणजे पाणी व स्वच्छतेवरच खर्चण्याचा, याचेही बीडमध्ये कोणाला वावडे नसावे. अडचण एवढीच, की पैसा गावाच्या शिवेवर थांबतो आणि जलवाहिनी शीव ओलांडते. केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणाचे पाणी लातूर शहरापर्यंत जाते, ते मात्र कोणत्याही शिवेवर अडलेले नाही.

सबब समितीने पहिली सभा तातडीने बोलवावी. नोटिशीवर सही कोणाची, असा पेच पडल्यास प्रशासकांचे मार्गदर्शन घ्यावे. प्रशासक ते गटविकास अधिकाऱ्यांकडून मागवतील.