सतरा सेंटिमीटरची आय

बायकोची अट एकच होती. "नवा कॉम्प्युटर कसला घ्यायचा तो घ्या, पण शोकेसच्या खालच्या कप्प्यात मावला पाहिजे." जुना टॉवर अकरा वर्षं शिलाई मशीनच्या पायडलशेजारी उभा होता. दिवाळीत त्याच्यावर चकल्यांचं ताट बरोबर बसायचं, एवढाच काय तो त्याचा घरच्यांना उपयोग. मी घरी बसून पुस्तकांची मांडणी करतो हा उपयोग आमच्याकडे धरत नाहीत.

कप्पा मोजला. रुंदी चौदा इंच, खोली बारा, उंची नऊ. मग कळलं की कॉम्प्युटरचा आकार डब्यावर ठरत नाही, आतल्या मदरबोर्डवर ठरतो. इंटेलने १९९५ साली आणलेला एटीएक्स हा वाड्यातला थोरला भाऊ: ३०५ बाय २४४ मिलिमीटर. मधला मायक्रो एटीएक्स, २४४ चौरस. आणि शेंडेफळ मिनी आयटीएक्स, १७० बाय १७०. ते २००१ साली तैवानच्या व्हिया कंपनीने काढलं. त्या कंपनीचे प्रोसेसर आज कोणाला आठवत नाहीत, पण आखून दिलेलं माप मात्र सगळे पाळतात. त्याची चार भोकं एटीएक्सच्या भोकांशी जुळतात, म्हणजे हा धाकटा थोरल्याच्या डब्यातही राहू शकतो. चाळीतला माणूस बंगल्यात राहतोच की. बंगल्यातल्याला चाळीत ठेवून बघा.

सतरा सेंटिमीटर म्हणजे आमची शिऱ्याची ताटली. खात्री असावी म्हणून एका जाड लग्नपत्रिकेतून तेवढा चौकोन कापला आणि दोन दिवस तो कप्प्यात सरकवून बघत बसलो. तिसऱ्या दिवशी चौकोन सापडेना. आईने तो दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवला होता.

"अरे, पण आहे तरी काय हे?"

"मदरबोर्ड. छोटा बघतोय."

"छोटी आई? मग मोठीचं काय करणार आहेस?"

यावर बायको जरा जास्तच वेळ हसली.

रविवारी दुकानं बंद, म्हणून सोमवारी लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. त्या नावाने एकदा टॅक्सीवाल्याला विचारून बघा, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनावरून चालतच का जायचं ते कळेल. काउंटरवरच्या पोराने माझा चौकोन हातात घेतला (त्याला आता सायीचा वास होता) आणि म्हणाला, "काका, आयटीएक्स कशाला? मायक्रो घ्या. बी ६५० चौदा हजारांत देतो."

"आणि छोटा?"

"बी ६५० आय. बावीस. मागवावा लागेल."

चिपसेट तोच, प्रोसेसर तोच बसणार. मोठ्यात रॅमच्या चार खाचा, यात दोन. मोठ्यात आणखी कार्डं लावायला जागा, यात ग्राफिक्स कार्डापुरती एकच. म्हणजे निम्मं सामान कमी आणि पैसे आठ हजार जास्त, तेही नावातल्या एका 'आय'साठी. मराठीत आय म्हणजे आई आणि आय म्हणजे उत्पन्नही. इथे आईच्या नावाने उत्पन्न दुकानदाराचं होत होतं. मी घासाघीस केली. मी म्हटलं, "अरे, माल कमी आहे, तर भाव कमी नको?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि लक्षात आलं, की ते माझं नाहीच. माझ्या गिऱ्हाइकांचं आहे. बत्तीस पानांचा मजकूर सोळा पानांत बसवा, अक्षर बारीक करू नका, फोटो कापू नका, आणि पानं निम्मी झाली म्हणून पैसेही निम्मे घ्या, असं ऐकत मी वीस वर्षं काढली. बोर्डाचंही तेच. वीज नीट करून प्रोसेसरला पोचवणारं सगळं झेंगट तेवढंच लागतं, वायरिंगच्या बारीक रेघा फारशा कमी होत नाहीत, जागा मात्र निम्म्याहून कमी. मग त्या रेघा थरांवर थर रचून आतून न्याव्या लागतात. त्यात असे बोर्ड खपतात कमी. हे सगळं मला कळत होतं. तरीही मी आणखी पाच मिनिटं घासाघीस केली, कारण गिऱ्हाईक झालो की मीही गिऱ्हाइकासारखाच वागतो. पाचशे सुटले.

बोर्ड आठवड्याने आला. आता रॅम. खाचा दोनच, त्यामुळे आज आठ-आठच्या पट्ट्या घ्यायच्या आणि पुढे वाढवू म्हणायचं, हे इथे चालत नाही; वाढवायचं तर जुन्या काढूनच टाकाव्या लागतात. एकदम सोळा-सोळाच्या घेतल्या. पंखा बुटका हवा, पॉवर सप्लायही एसएफएक्स नावाचा बुटका. एक वस्तू लहान घेतली की बाकीच्या सगळ्या तिच्या मापाने घ्याव्या लागतात. घरात पहिला फ्लॅट स्क्रीन टीव्ही आला तेव्हा भिंत, रंग आणि सोफा असंच बदललं होतं, ते आठवलं.

शनिवारी रात्री जोडणीला बसलो. डब्यात बोट शिरत नव्हतं. पॉवरच्या बटणाच्या केसासारख्या वायरी बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्याने खोचल्या. चिमटा तिचा आहे हे तिला नंतर कळलं. रात्री साडेबाराला चार स्क्रू पिळले, झाकण बसवलं, घाम पुसला. टेबलावर वालपापडीच्या शेंगेएवढी एक हिरवी पट्टी उरली होती.

ती एसएसडी होती. माझ्या बोर्डावर पुढची खाच ग्राफिक्स कार्डाच्या खाली झाकलेली, म्हणून मी ठरवून मागच्या बाजूची खाच वापरणार होतो. मागची, म्हणजे जी बाजू आता डब्याच्या पत्र्याला चिकटली होती. चाळीत पोटमाळ्यावरचं जातं काढायला अख्खं घर हलवावं लागायचं, तसं सगळं उलट्या क्रमाने काढलं. पट्टी बसवली. ती धरणारा स्क्रू साबुदाण्याएवढा, तो हातातून सुटला आणि फरशीवर एकदाच टिणकन वाजला. पहाटे चार वाजता आई पाणी प्यायला उठली, तेव्हा मी ओणवा होऊन कपाटाखाली बॅटरी मारत होतो. तिने काही विचारलं नाही. स्क्रू सकाळी केरात सापडला.

आता कॉम्प्युटर शोकेसच्या कप्प्यात आहे, गणपतीच्या बरोबर खाली. चालतो झकास, उन्हाळ्यात थोडा कुरकुरतो. वॉरंटी तीन वर्षांची आहे आणि दुकानदाराने सांगितलंय की खोके टाकू नका. बोर्डाचा, डब्याचा, पॉवर सप्लायचा, पंख्याचा आणि कार्डाचा असे पाच खोके आहेत. माळ्यावर जागा नव्हती, म्हणून ते शिलाई मशीनच्या पायडलशेजारी रचून ठेवले आहेत. चकल्यांचं ताट त्यांच्यावर नीट बसतं.