नवजात संकेतस्थळाचे संगोपन : एक शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका

१. व्याप्ती आणि व्याख्या

नागपूर जिल्ह्यातील काटोल या तालुक्याच्या गावी, घराच्या पुढच्या खोलीतून चालवला जाणारा आणि लहान मुलांच्या आईवडिलांना झबली, टोपडी, दुपटी, बाळंतविडे व तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल विकणारा ऑनलाइन व्यवसाय हा प्रस्तुत मार्गदर्शिकेचा विषय होय. अशा व्यवसायाचे संकेतस्थळ बहुधा नागपुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने दिवाळीच्या सुटीत तयार केलेले असते; त्याचे अभिनंदन नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर यथासांग पार पडलेले असते, आणि त्यानंतर आलेली एकमेव ऑर्डर भाच्याच्या आईने, संकेतस्थळ चालते की नाही हे पाहण्यासाठी, दिलेली असते. या अवस्थेत 'आपल्याकडचे लोक अजून ऑनलाइन खरेदीला सरावलेले नाहीत' असा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. परंतु तेच लोक मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सर्व काही घरपोच मागवतात आणि कुरिअरवाल्याला फोनवरून घर समजावून सांगण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही, हे लक्षात घेता दोष अन्यत्र शोधणे भाग पडते.

या विवेचनात 'पालक' म्हणजे एक व्यक्ती नसून तीन सदस्यांची समिती समजावी, ज्यात वस्तू आई निवडते, पैसे वडील यूपीआयने भरतात आणि नकाराधिकार आजीकडे असतो. संकेतस्थळाची रचना करणारा मात्र समितीच्या पहिल्या सदस्येची कल्पना टेबलाशी निवांत बसलेली, दोन्ही हात मोकळे असलेली आणि व्यवसायाचे ध्येयधोरण वाचण्यास उत्सुक अशी करतो. प्रत्यक्षात ती रात्री दोन वाजता, एका खांद्यावर न झोपणारे मूल घेऊन, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पडदा सरकवत असते, आणि तिला झबले किती दिवसांत येईल एवढेच हवे असते.

२. मुखपृष्ठावरील विधी

मुखपृष्ठ म्हणजे संकेतस्थळ उघडताच दिसणारे पहिले पान. रूढ पद्धतीनुसार या पानावर आपोआप सरकणारी पाच मोठी छायाचित्रे असतात, आणि त्यांतील लोकरीची कानटोपी घातलेले सोनेरी केसांचे परदेशी बाळ, मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणाऱ्या काटोलच्या ग्राहकांकडे पाहून हसत असते. त्याखाली 'जागतिक दर्जा', 'अतूट विश्वास' आणि 'मातृत्वाचा प्रवास' हे शब्द येतात, त्याखाली संस्थापकाचा गॉगल लावलेला फोटो येतो, आणि किमती शोधण्याची जबाबदारी ग्राहकाच्या जिज्ञासेवर सोपवलेली असते.

सुधारणेचा पहिला नियम असा की, मालकाला जे सर्वांत आवडते ते प्रथम काढावे. संस्थापकाचा फोटो काढून त्या जागी मलमलीच्या झबल्याचा, दिवसाच्या उजेडात, अंगणात काढलेला स्वच्छ फोटो ठेवावा. शेजारी किंमत, माप आणि घरी पोहोचण्यास लागणारे दिवस लिहावेत. माप '० ते ३ महिने' एवढेच न देता छातीचा घेर व लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी, कारण बाळे वयाचे दाखले पाहून वाढत नाहीत.

यानंतर तांत्रिक कसोट्या लागू कराव्यात. गूगलच्या निकषानुसार पानावरील सर्वांत मोठा दृश्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. मोबाइलने काढलेला फोटो आकार न घटवता तसाच चढवल्यास हा काल बाळाच्या एका डुलकीइतका लांबतो. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर, ज्याला 'कॉन्ट्रास्ट' म्हणतात, साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, असे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक निकष सांगतात; फिकट गुलाबीवर गुलाबी अक्षरे ही शैली या कसोटीवर नापास होते आणि आजीच्या चष्म्यावर तर दोनदा नापास होते. खरेदीचे बटण अंगठ्याला सहज सापडेल एवढे मोठे असावे, आणि ते दाबण्यापूर्वी खाते उघडण्याची सक्ती नसावी.

३. भयमार्ग आणि त्याचे निवारण

विक्री वाढवण्याच्या शास्त्रात भयवादी नावाने ओळखता येईल असा एक संप्रदाय असून, पालक मुळातच घाबरलेले असल्यामुळे त्यांना थोडे अधिक घाबरवण्यास भांडवल लागत नाही, हे त्याचे मूलतत्त्व आहे. या संप्रदायाचे अनुयायी 'फक्त २ नग शिल्लक' अशी पाटी बाराही महिने लावतात, उलटे धावणारे घड्याळ बसवतात आणि सवलत नाकारण्याच्या बटणावर 'नको, मला माझ्या बाळाची काळजी नाही' असे लिहितात.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा क्लृप्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करून त्याच्याकडून नको ते करवून घेणारी रचना असे म्हटले असून, त्यांचे तेरा प्रकार नोंदवले आहेत. खोटी घाई, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे आणि नकार देणाऱ्याला लाज आणणे हे त्यांत येतात. कायद्याचा धाक क्षणभर बाजूला ठेवला तरी काटोलमध्ये या संप्रदायाला एक स्थानिक अडचण आहे : 'फक्त २ नग' वाचून घाईने झबले घेणारी ग्राहक दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात मालकाच्या आईला भेटते, आणि मागच्या खोलीत अजून दोन पोती झबली पडली आहेत हे तिला विनासायास कळते.

सवलतींचे वेळापत्रकही आयात करू नये. 'ब्लॅक फ्रायडे' नावाचा अमेरिकी खरेदीचा दिवस नोव्हेंबरात येतो म्हणून तो साजरा करण्यापेक्षा, काटोल परिसरात संत्र्याचे आंबिया आणि मृग असे दोन बहार घेतले जातात आणि घरात पैसा येण्याचे महिने त्यांवर ठरतात, हे जाणून घेणे अधिक शास्त्रीय ठरते.

४. विशेष प्रकरण : लाकडी बैल

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात, घरोघरी फिरतात आणि बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे मिळवतात. संकेतस्थळाची खरी परीक्षा याच काळात होते, कारण झबले चार दिवस उशिरा आले तर बाळ तक्रार करीत नाही, परंतु पोळा फुटल्यावर दारात आलेला बैल पुढच्या वर्षासाठी फार लवकर आलेला असतो आणि सहा वर्षांच्या ग्राहकाला हा युक्तिवाद पटवता येत नाही. म्हणून ऑर्डर स्वीकारण्याची अंतिम तारीख पानाच्या माथ्यावर ठळक लिहावी आणि ती उलटल्यावर बटण बंद करावे. हा उपाय मालकाला जिवावर येतो, हीच त्याच्या उपयुक्ततेची खूण समजावी.

बैलाचे पान लिहिताना 'पारंपरिक कलेचा अनमोल वारसा' ही ओळ वगळून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत : सांगितलेली उंची शिंगांसह आहे की शिंगांविना, चाके फिरतात की नुसती रंगवलेली आहेत, दोरी सोबत मिळते का, आणि रंग हाताला लागतो का. शेजारी स्टीलचा पेला ठेवून एक फोटो काढल्यास 'मध्यम आकार' या शब्दाचे सर्व वाद मिटतात.

येथे कायद्याचाही संबंध येतो. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. बैल सुताराकडून आणून विकणाऱ्याने ही सूट आपल्यालाही लागू होते असे गृहीत न धरता, ते आधी विचारून घ्यावे.

५. पदे, नोंदी आणि अभिप्राय

ई-वाणिज्याविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता व संपर्क देणे, तक्रार निवारण अधिकारी नेमणे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निराकरण करणे अपेक्षित आहे. एकहाती व्यवसायात मालक, शिंपी, पुडके बांधणारा आणि तक्रार निवारण अधिकारी ही चारही पदे एकाच व्यक्तीकडे असल्याने, स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःकडे निःपक्षपातीपणे मांडण्याचा सराव त्याने करावा.

दुधाच्या बाटल्या ठेवायच्या असल्यास १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा कायदा आधी वाचावा, कारण स्तनपान मागे पडू नये म्हणून त्याने बाटल्या, दुधाचे पर्याय आणि शिशुआहार यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. 'बाटलीवर टोपडे मोफत' ही योजना म्हणूनच जन्मतःच बेकायदा ठरते.

नोंदणीच्या अर्जात बाळाची जन्मतारीख, वजन, रक्तगट आणि शक्य तर नक्षत्र विचारण्याचा मोह आवरावा. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकांच्या माहितीविषयीच्या कर्तव्यांत कसूर झाल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. झबले पोहोचवण्यास नाव, पत्ता आणि फोन एवढे पुरते. नक्षत्र कुरिअरवाल्यालाही लागत नाही.

ग्राहकांच्या अभिप्रायांबाबत एवढेच सांगणे पुरे की, पाचही अभिप्रायांत शुद्धलेखनाची एकच चूक आणि पाचही ग्राहकांचे आडनाव मालकाचेच असेल, तर तो विभाग रिकामा ठेवणे अधिक विश्वासार्ह दिसते. 'शिलाई छान, पण टोपड्याची नाडी आखूड' हा एक खरा अभिप्राय, त्याखाली 'नाडी वाढवली आहे' या उत्तरासह, शंभर तारकांहून अधिक माल विकतो.

६. मूल्यमापन

सुधारणा पूर्ण झाली हे ओळखण्यासाठी भेटींची संख्या मोजू नये, कारण तिच्यात भाच्याच्या भेटी मिसळलेल्या असतात. फोनवर येणारे प्रश्न वहीत लिहून काढावेत : 'केवढ्याला', 'कधी येईल', 'परत घ्याल का'. प्रत्येक प्रश्न म्हणजे पानावर न लिहिलेली एक ओळ होय, आणि ती ओळ लिहिली की तो प्रश्न येईनासा होतो. सर्व ओळी लिहून झाल्यावरही आजीचा फोन येतच राहील; तिला उत्तर नको असते, पलीकडे फोन उचलणारे कोणी आहे एवढी खात्री हवी असते. तो फोन न चुकता उचलावा, कारण समितीतील नकाराधिकार तिच्याकडे आहे.