बाळराजांचा वेढा

भोर-वेल्ह्याच्या खाचरांत आंबेमोहोर पिकतो. शिजू लागला की घमघमाट शेजारच्या घरापर्यंत. त्याचाच गुरगुट्या भात, वर तुपाची धार, आणि समोर अडीच वर्षांचे बाळराजे, तोंड गच्च मिटून. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, भाटघर धरणाचाही झाला. मग आजी १,४०३ मीटरच्या तोरण्याकडे बोट दाखवते, ‘‘आरं, महाराजांनी अख्खा गड घेतला, तू येवढा घास घे की!’’ छे! मोबाइल लावला की मात्र दरवाजा आपोआप उघडतो. हाच गडी शेजारणीकडे शिळी भाकरी मागून खातो, हा अपमान वेगळाच. उरलेलं नाचणीचं सत्त्व आजोबा संपवतात. त्यांचं वजन छान वाढतंय. अंगणवाडीत नोंद होत नाही, एवढंच.