चिलखतशास्त्री

खेळ सुरू झाला की बाकीची मुलं तलवार शोधतात; चिलखतशास्त्री बक्कल शोधतो. पडद्यावर नायक उभा असतो, मागे डोंगर पेटलेला असतो, आभाळात ड्रॅगन घिरट्या घालत असतो, आणि हा पठ्ठ्या खुर्ची पुढे ओढून, कॅमेरा नायकाभोवती गरागरा फिरवून विचारतो, "पण हे अंगावर चढवलं कसं?" ड्रॅगनबद्दल त्याची काही तक्रार नसते. ड्रॅगनला बक्कल नसतं.

दिवसा हा हिंजवडीत पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री जेवण उरकलं की पंधराव्या शतकात जातो. असे शास्त्री आता सोसायटीगणिक एक तरी असतातच. आमच्या मजल्यावरचा मला काका म्हणतो. मला यातला एकही खेळ खेळता येत नाही, म्हणून मी त्याचा आवडता श्रोता. कंट्रोलर मागत नाही, मधे बोलत नाही आणि चहाला नाही म्हणत नाही.

'स्कायरिम' हा २०११ सालचा खेळ त्याचा जुना वैरी. "बघा काका, बर्फ पडतोय. पार उत्तरेकडचा मुलूख. आणि याचे दंड उघडे! युद्धाचं राहू द्या, हा आधी न्यूमोनियानं मरेल." मग गाडी टोपाच्या शिंगांवर येते. व्हायकिंग लोक लढाईत शिंगांचे टोप घालत, याला पुरावा नाही, हे तो पुराव्यानिशी सांगतो. ती शिंगं लोकांच्या डोक्यात बसवली १८७६ साली, वाग्नरच्या ऑपेरासाठी कपडे योजणाऱ्या कार्ल एमिल डोप्लरनं. या डोप्लरवर शास्त्र्याचा असा राग आहे, की त्यानं शास्त्र्याच्या वाटणीची जमीन हडपली असावी.

पण त्याचं खरं दुखणं वजनाचं. लोखंडी चिलखतातला सरदार म्हणजे पडला तर उठता न येणारा माणूस, ही समजूत कोणी बोलून दाखवली की त्याला घशाखाली घास उतरत नाही. १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' सिनेमात लॉरेन्स ऑलिव्हिएनं कप्पीनं उचलून सरदाराला घोड्यावर बसवलेलं दाखवलं आणि घोटाळा झाला, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात लढाईच्या संपूर्ण चिलखताचं वजन साधारण वीस ते पंचवीस किलो, आणि तेही सगळ्या अंगावर वाटलेलं. माणूस त्यात पळे, पडला तर उठे आणि आपला आपण घोड्यावर बसे.

हे त्यानं आम्हाला करून दाखवलं. एका रविवारी त्याच्या दिवाणखान्यात आम्ही दाटीवाटीनं बसलो. आतून शास्त्री आला तो क्रिकेटचे पॅड, मांडीचं पॅड, हातमोजे, हेल्मेट, पाठीवर सॅक आणि पोटावर आणखी एक सॅक अशा थाटात. दोन्ही सॅकमध्ये मिळून घरातला तांदूळ आणि गहू. "पॅड बांधून फलंदाज तीन रन पळतो तेव्हा कोणी म्हणतं का, याला कप्पी लावा?" असं विचारून त्यानं उठाबशा काढायला सुरुवात केली. मग सोफ्याच्या हातावर घोडा समजून टांग टाकली. टांग पडली, सोफाही टिकला, फक्त पुढच्या सॅकची चेन उसवून गव्हाची धार लागली. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं शांतपणे बघत होती. "पाठीवर घेतलंयसच, तर खाली गिरणीत टाकून ये," ती म्हणाली. "आणि जाडसर सांग."

एका बाबतीत मात्र मी शास्त्र्याच्या बाजूचा आहे. पुष्कळ खेळांत एकच चिलखत पुरुषानं घातलं तर गळ्यापासून घोट्यापर्यंत पोलाद, आणि तेच बाईनं घातलं तर पोट उघडं, मांड्या उघड्या, पायांत उंच टाचा. वर छातीच्या पत्र्याला दोन वेगळे उंचवटे ठोकलेले. यावर शास्त्री चिडत नाही, फळ्यावर काढून दाखवतो (त्याच्या घरी फळा आहे). खऱ्या छातीकवचाला मधोमध एकच फुगवटा असे, कारण त्यावर आलेला भाला घसरून बाहेर जावा. दोन उंचवटे केले की मधे घळ तयार होते आणि भाल्याचं टोक बरोबर काळजावर येतं. "हे ज्यानं काढलं त्याला ती बाई जगायला नको होती," एवढंच तो म्हणतो, आणि फळा पुसतो.

त्याची धाकटी बहीण दुसऱ्या पंथाची. तिचं आराध्यदैवत म्हणजे 'लुक'. तिचा अर्धा वेळ पात्राच्या भुवया ठरवण्यात जातो आणि उरलेला झग्याचा रंग जमवण्यात. 'डार्क सोल्स'च्या दुनियेत अशा मंडळींनी आपल्या छंदाला 'फॅशन सोल्स' असं नावच देऊन ठेवलंय. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नं तर २०११ मध्ये सरळ शरणागती पत्करली: ताकद एका चिलखताची ठेवा, रूप दुसऱ्याचं दाखवा, अशी सोयच करून दिली. तोवर लोक बलवान होण्याच्या नादात हिरवी विजार, जांभळा टोप आणि भगवे जोडे घालून राक्षस मारत हिंडत होते. त्या खेळातल्या खांद्यांवर बहीणभावाचं एकदा चांगलंच जुंपलं.

"एवढे मोठे खांदे? हात वर कसा जाईल याचा?"

"दादा, तो हात वर करत नाही. तो मंत्र म्हणतो."

खरं तर त्या अवाढव्य खांद्यांना साधं कारण आहे आणि ते बहिणीला ठाऊक आहे. कॅमेरा नायकाच्या मागे आणि थोडा वर असतो. खेळणाऱ्याला तासन् तास दिसतं काय? पाठ, डोकं आणि खांदे. त्यातून गर्दीत पन्नास जण एकमेकांवर तुटून पडलेले असताना नुसत्या आकारावरून आपला कोण, परका कोण हे कळायला हवं. म्हणून नक्षी काढायची ती खांद्यावर. चेहरा दिसावा म्हणूनच तर 'विचर ३'मधला गेराल्ट एवढी भुतंखेतं मारतो पण टोप काही घालत नाही. खऱ्या लढाईत पहिल्यांदा डोकं झाकतात. खेळात डोक्याचे केस विकायचे असतात.

'एल्डन रिंग'मध्ये मलेनिया नावाची एक योद्धी आहे. तिच्या टोपाला सोनेरी पंख, आणि पुढे डोळ्यांवर पत्रा, बघायला फटसुद्धा नाही. शास्त्र्यानं सोफ्यावर टेकून समजावून सांगितलं, की पंखात तलवार अडकली की मान मुरगळणार आणि फटीवाचून समोरचं दिसणार नाही. हे सांगत असताना मलेनियानं त्याला मारलं. पुन्हा गेला, पुन्हा मारलं. तो अंगावर सगळं खरंखुरं लोखंड चढवून गेला होता. त्या खेळात ओझं आपल्या ताकदीच्या सत्तर टक्क्यांपुढे गेलं, की वार चुकवायची कोलांटी धड बसत नाही. बहीण नाजूक टोपी आणि झुळझुळीत झगा घालून आली, चार गिरक्या घेतल्या आणि मलेनियाला लोळवून चहा ठेवायला गेली.

त्या संध्याकाळी शास्त्री फार बोलला नाही. पण बहिणीनं तेवढ्यावर सोडलं नाही. तिनं फोनवर एक चित्र काढून त्याच्या पुढ्यात धरलं. लोखंडी टोप, त्याला मेंढ्याची पिळदार शिंगं, नाकावर चष्मा आणि हनुवटीवर कोरलेले दाढीचे खुंट. "कुठल्या गेममधला आहे सांग." शास्त्र्यानं ओळखलं आणि मान खाली घातली. तो आठव्या हेन्रीचा होता. सम्राट मॅक्सिमिलियननं इन्सब्रुकच्या कोनराड सॉयझेनहोफरकडून १५११ ते १५१४ च्या दरम्यान घडवून घेऊन नजराणा म्हणून पाठवलेल्या चिलखताचा. आज इंग्लंडमध्ये लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात आहे. याच राजाचं १५४० चं एक चिलखत लंडनच्या टॉवरमध्ये आहे. त्याच्या पोटाखाली पोलादाचा एक असा ऐटदार उभार ठोकलेला आहे, की कुठल्याही गेमच्या चित्रकारानं तो काढला असता तर वरिष्ठांनी बोलावून घेतलं असतं.

"ती समारंभाची चिलखतं!" शास्त्री ओरडला. लढाईत कोण घालतं असलं? तर जपानचा होंडा तादाकात्सू घालत होता. त्याच्या टोपावर हरणाची भली मोठी शिंगं होती, कागदाचे थर चिकटवून वर लाखेचा लेप दिलेली, म्हणून हलकी. पोलंडचे हुसार स्वार पिसांचे पंख लावत. म्हणजे जे जे म्हणून शास्त्र्याला अवास्तव वाटतं, ते ते कोणीतरी हौसेनं अंगावर घालून मिरवलेलं निघतं, आणि पैसे मोजून. माणसाला मरणाच्या दारातसुद्धा बरं दिसायचं असतं. शास्त्र्याचं वास्तव म्हणजे त्याची आवड आहे, जशी बहिणीची झगमग ही तिची. इतिहासात दोघांनाही पुरून उरेल एवढा माल आहे.

शास्त्र्याच्या भात्यात मात्र एक बाण असा आहे, की त्यापुढे बहीणही गप्प बसते. प्रतापगड, १६५९. महाराज अफजलखानाला भेटायला गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. "हे खरं आर्मर!" शास्त्री म्हणतो, आणि हे म्हणताना तो नेहमी उभा राहतो. "दिसलंच नाही पाहिजे!" बरोबर आहे त्याचं. पण असा नायक एखाद्या गेम कंपनीच्या बैठकीत नेला, तर चित्रकार विचारेल, चिलखत कुठाय? आत आहे म्हटलं तर म्हणेल, मग मी काढू काय?

अलीकडे तो सुखात आहे. 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' नावाचा चेक लोकांनी केलेला खेळ त्याला सापडला आहे. १४०३ सालचा बोहेमिया. ड्रॅगन नाही, जादू नाही. आधी कापूस भरलेला जाड डगला, त्यावर कड्यांचं जाळीदार चिलखत, त्यावर पत्रे, असं थरावर थर चढवायचं. टोपाची झडप खाली ओढली की पडद्यावर नुसती फट उरते, आणि शास्त्री त्या फटीतून बघत अत्यानंदानं मार खातो. तिथे कपडे मळले, रक्तानं माखले, की गावातले लोक नीट बोलत नाहीत. त्यामुळे दर मारामारीनंतर हा आपल्या गड्याला हमामखान्यात घेऊन जातो.

परवा दुपारी दीड वाजता तो मला हेच दाखवत होता. अंगात आदल्या दिवसाचा टीशर्ट, गड्याचं स्नान चाललेलं. आई पंचा घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"त्याची झाली का आंघोळ?"

"होतेय. त्याशिवाय वाणी भाव कमी करत नाही, आई."

"बरं. मग आता तू ऊठ. मलाही तुला वाण्याकडेच पाठवायचंय."